बत्तीस मागांवरचे मेलेले कोड

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात चांदसाब एकवीस वर्षं जॉबर होता. माग बिघडला की दुरुस्त करायचा. नुसत्या खडखडाटावरून दुखणं ओळखायचा. मग पुण्याहून शिवराज मॅनेजर होऊन आला. त्यानं चांदसाबकडून माग खोलून घेतला, एकेका बिघाडाचा व्हिडिओ काढला आणि बत्तीस मागांवर क्यूआर कोड चिकटवले. पुढच्याच महिन्यात चांदसाबला नारळ दिला.

तेव्हापासून तो गावातच, भवानी पेठेत जुने माग दुरुस्त करायचा. शिवराजचं नाव निघालं की थुंकायचा.

दीड वर्षानं फोन आला. शिवराजचा असता तर त्यानं कापलाच असता. पण चंद्रव्वाचा होता. त्याच कारखान्यात ती माग चालवायची.

"चाचा, माजा माग चार दिस बंद हाय. कोड उघडत न्हाय. सायेब म्हनतोय मीच बिघडवला, उद्यापासून येऊ नको."

चांदसाब तसाच निघाला. पाहतो तर निम्मे कोड तेलानं आणि कापसाच्या धुळीनं खाल्लेले. उरलेल्यांवर मोबाइल धरला की एकच ओळ यायची : मुदत संपली.

"फुकटातल्या वेबसाइटवर बनवले व्हय?"

"वर्षभर चालले ना!" शिवराज गुरगुरला.

"कोडात व्हिडिओ नसतो सायेब, नुसता पत्ता असतो. मधल्या वेबसाइटनं पत्ता बंद केला की खलास. माज्या लेकीला, आरजूलाबी कळतं हे. मूळ व्हिडिओ कुटं हायत?"

"जुन्या मोबाइलमध्ये होते. तो विकला."

चांदसाबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच व्हिडिओंपायी त्याची नोकरी गेली होती, आणि या माणसाला ते जपताही आले नव्हते.

शिवराजनं मोबाइल काढला. "पुन्हा शूट करू. या वेळी कोड स्टीलच्या पट्टीवर कोरून घेतो, व्हिडिओ आपल्याच वेबसाइटवर ठेवतो."

"मोबाइल खिशात घाला. न्हायतर मी चाललो."

त्यानं चंद्रव्वाला पुढं बोलावलं, पाना तिच्या हातात दिला आणि आतला ढिला झालेला बोल्ट बोटांनी चाचपायला लावला. बोलला सगळं कानडीत. शिवराज बाजूला उभा राहून दोघांची तोंडं बघत होता. दुपारपर्यंत माग धडाडून सुरू झाला.

"सोमवारपासून कामावर या," शिवराज म्हणाला.

"तुमच्या दारात? मेलो तरी न्हाय. आन् हिच्या नोकरीला हात लावाल तर बाकीचे एकतीस बसल्यावर मला फोन करू नका."

चंद्रव्वाची नोकरी टिकली. दर रविवारी भवानी पेठेत जाऊन ती उरलेलं शिकली. आता बत्तीसही माग तीच बघते. शिवराज तिच्याशी बोलत नाही. तिलाही त्याची गरज पडत नाही.