मांडवातली पुढची खुर्ची

केनवडच्या फाट्यावर स्कूटी थांबवून फोन घेतला. कमलताईचा नवरा होता. "सिस्टर, आता ड्रेसिंगले येऊ नका... गेली." मी तरी गेले. शेवटच्या आंघोळीनंतर तिच्या छातीवरची पट्टी मीच बदलली. "आता कायले?" कोणीतरी म्हणालं. म्हटलं, माझी पेशंट आहे. महिना झाला, पण राग काही जात नाही माझा.

भाजीचा मळा एकटीनं सांभाळणारी ही बाई. स्तनातली गाठ तिनं लाजेपायी लपवली आणि दाखवली तेव्हा ती फुटून जखम झाली होती. बरं होणं आता नव्हतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जखमेच्या वासामुळे तिची खाट मागच्या खोलीत टाकलेली, ताटवाटीही वेगळी. मी तरी कुठली शहाणी... दोन मास्क चढवून आत शिरले. तिनं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "तुमी बी?" इतक्या वर्षांची नर्स मी, पण मान वर करवेना. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी कुटून तिची पूड जखमेवर घालू लागले. आठवड्याभरात वास जवळपास गेला. तिच्या ताटातली भाकर मी सगळ्यांदेखत खाल्ली. तिची जाऊ, इंदिराबाई, तोंडाला पदर लावून बघत राहिली.

मग मुलीचं लग्न ठरलं. आईनं घरीच राहायचं, असं दिरानं परस्पर ठरवून टाकलं. "सोयऱ्यायले काय सांगाचं?" तो म्हणाला. कमलताईनं माझा हात धरला. "सिस्टर, मले मांडवात बसाचं हाय. पोरगी माही हाय." मी दिराशी कडाकडा भांडले. लग्नाच्या सकाळी दुखण्याचं औषध दिलं, जाड पट्टी बांधली, हिरवं लुगडं नेसवलं. दिरानं तिची खुर्ची पार मागं, खांबाआड ठेवली होती. ती उठली, खुर्ची स्वतः ओढत पहिल्या रांगेत आणली आणि बसली. बायका कुजबुजल्या तेव्हा मोठ्यानं म्हणाली, "कॅन्सर हाय मले. कोणाले लागत नाही." अक्षता पडेपर्यंत हलली नाही.

तेरवीला गेले, तर इंदिराबाई अंगणात माझ्यामागं घुटमळत होती. शेवटी म्हणाली, "मले बी गाठ हाय, सिस्टर... दोन महिने झाले." कुणाला सांगितलंस, विचारलं. "कोणालेच नाही. कमल मांडवात बोलली, तवापासून झोप नाही मले."

तेरवीच्या जेवणाची भांडी तशीच टाकून तिला स्कूटीवर बसवलं, वाशीमला डॉक्टरांकडे न्यायला. पारावर चार माणसं बसली होती. एकानं हटकलं, "कुठं निघाली वो, वहिनी?"

मी काहीतरी थाप मारणार होते. मागून इंदिराबाईचाच आवाज आला, थरथरता, पण साऱ्या पाराला ऐकू जाईल असा...

"छातीत गाठ हाय. दाखवाले चालली."