वॉफलची जांभई

वर्ना टिबेट्सला मिठी मारायला निमित्त लागत नसे. उभा जन्म शाळेची बस हाकली बाईनं. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या तिच्या गावातलं एक पोर तिच्या कवेतून सुटलं असेल तर शपथ! आवाज तर असा, की शेवटच्या बाकावरचं भांडण स्टिअरिंगवरूनच मिटायचं. निवृत्त झाल्यावर तिनं वॉफल नावाचा गबदुल कुत्रा पाळला आणि दुखावलेल्या मुलांना धीर द्यायला नेतात त्या कुत्र्यांच्या परीक्षेला बसवला. पठ्ठ्या दोनदा नापास! अखेर पास झाला तेव्हा वर्नानं परीक्षकालाच कवटाळलं.

आता दर गुरुवारी वॉफलला आंघोळ घालून, लाल जाकीट चढवून ती आश्रयघरी जाई. घरच्यांनीच छळलेली पोरं तिथं राहत. त्यातली टेसा आठ वर्षांची. वर्ना विचारी, "मिठी मारू का गं?" टेसा म्हणे, "हो," आणि खांबासारखी उभी राही.

"वर्ना, जरा दमानं," तिथं पोरांची देखभाल करणारी रूथ एकदा म्हणाली.

"अगं, विचारूनच मारते की!"

"ती सगळ्यालाच हो म्हणते. परवा भेंडी वाढू का विचारलं, हो म्हणाली, खाल्ली आणि ओकली. उद्या बाहेर कुणी काही विचारलं तरी हीच हो म्हणणार. माझा जीव टांगणीला लागलाय बघ."

वर्नानं वळून टेसाकडे बघितलं.

त्या गुरुवारी पोरांनी वॉफलला नुसता गराडा घातला. कुणी कान धरतंय, कुणी शेपूट! वॉफलनं तोंड फिरवलं आणि भली मोठी जांभई दिली. कुत्रा कंटाळला की अशी खूण करतो, आणि ती दिसली की थांबायचंच, हा नियम वर्नाला पाठ होता.

"हात वर!" बसमधला आवाज निघाला. "वॉफल पुरे म्हणतोय!"

सगळे हात झटकन वर. टेसा डोळे विस्फारून बघतच राहिली.

"मिस वर्ना, तो भुंकलासुद्धा नाही. तरी सगळे थांबले?"

"मग? तोंड फिरवलं, विषय संपला."

"त्याच्यावर कुणी रागावलं नाही?"

"रागावेल? कुणाची टाप आहे!"

पुढच्या गुरुवारी वर्ना दारातून आली ती हात पसरूनच. सवय जाते कुठं! "टेसाबाई, मारू का मिठी?"

टेसानं तोंड फिरवलं. मग कसंबसं तोंड उघडून एक खोटी, लांबलचक जांभई दिली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

वर्नाला क्षणभर उमगेना. आणि मग असं उमगलं म्हणता! छातीत ढोल वाजायला लागले. पोरीला उचलून गरगर फिरवावंसं वाटलं. पण नेमकं तेच तर करायचं नव्हतं! तिनं दोन्ही हात छताकडे केले.

"हात वर! टेसा पुरे म्हणतेय!"

टेसानं एक डोळा उघडला. "रागावलात?"

"रागावते कसली! खूश झालेय मी, खूश!"

टेसानं आणखी एक जांभई दिली, नुसती बघायला. वर्ना हात तसेच धरून दोन पावलं मागं सरकली. पोरगी खुदकन हसली आणि वॉफलला टेकून बसली.

जेवणाच्या वेळी रूथ नेहमीसारखी पातेलं घेऊन आली. "टेसा, भेंडी वाढू?"

"नको."

रूथच्या हातातला डाव हवेतच थांबला. तिनं वर्नाकडे बघितलं. वर्ना ओठ दाबून रडत होती, आणि तिचे दोन्ही हात पुन्हा छताकडे गेले होते.