आत्यांची बोगनवेल

आमच्या सासूबाई बयाबाई झाडाला पाणी घालतात तसं कुणी लेकराला दूधसुद्धा पाजत नसेल. मी त्यांना आत्या म्हणते. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन, वर तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी आणि पाहुण्यानं तांब्यात अर्धवट ठेवलेलं पाणीसुद्धा. सगळं त्या एका बोगनवेलीला. कुपवाडात आमचं दीड गुंठ्यातलं घर. दारापुढं जेमतेम मोकळी जागा, आणि तेवढ्या जागेत ही काटेरी भवानी गच्चीपर्यंत चढलेली. माझ्या दोन साड्या आणि एक चांगला ड्रेस तिनं फाडलाय. मी काय तिची आरती ओवाळणार नाही.

आत्या आटपाडीच्या पुढच्या एका वाडीतल्या. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. धनाजी इथं कामाला लागला, तेव्हा त्याच्या मागोमाग आल्या. धनाजी म्हणजे माझा नवरा. मी नाव घेते, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. आत्यांना समोरच्या कंपनीत झाडलोटीचं काम मिळालं. तिथं कुंपणाची बोगनवेल छाटून फांद्या टाकल्या होत्या, त्यातल्या दोन काड्या त्यांनी पदरात बांधून आणल्या. एक जगली. सहा वर्षांत तिचं खोड माझ्या मनगटाएवढं झालं.

पण फूल? नावाला नाही! नुसता हिरवागार पाला. आणि रस्त्यापलीकडं कंपनीच्या कुंपणावर तिचीच आई गुलाबी रंगानं पेटलेली असायची. तिला पाणी घालतात ती फक्त गल्लीतली कुत्री. आत्या रोज तिकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "हिला आनखी थोडं पाणी पायजे बग, सोनिया." मी कपाळाला हात लावायचे.

यंदा धनाजीनं टेम्पो घेतला. उन्हात टायर खराब होतात, म्हणून त्याला दारात पत्र्याचं शेड हवं होतं. शेड म्हणजे झाड जाणार. आत्या म्हणाल्या, "फुलं आली की तूच म्हनशील ऱ्हाऊ दे." त्यावर तो म्हणाला, "बरं, पाडव्यापातूर वाट बगतो. फूल दिसलं तर शेडचा इचार सोडीन. न्हाई दिसलं तर कोयता."

त्या दिवसापासून आत्यांनी पाचवी बादली सुरू केली.

जानेवारीच्या शेवटी त्यांचा भाऊ हरिबा डोळे दाखवायला मिरजेला आला, तो मुक्कामाला आमच्याकडं. त्याची गावाकडं डाळिंबाची बाग आहे. झाडाभोवती एक चक्कर मारली आणि हसायलाच लागला. "आक्का, लाड करून वाटुळं केलंस हिचं. डाळिंबाला आमी ताण देतो का न्हाई? म्हयना-दीड म्हयना पाण्याचा थेंब न्हाई दाखवत. पानं गळत्यात, झाड भ्यातं, मग कळी धरतं. ही तर डाळिंबापरास चिवट हाय. पाणी तोड, पाडव्याला फुलं मोज."

 दुसऱ्या दिवशी आत्यांनी बादली उचलली नाही. मला वाटलं, चला, एकदाचं समजलं.

दहा दिवस काही झालं नाही. पंधराव्या दिवशी पानं मलूल झाली. विसाव्या दिवशी ती खाली लोंबायला लागली आणि सकाळी अंगणात सडा पडायचा. मी झाडून वैतागले. आत्यांचं जेवण निम्म्यावर आलं. दारात बसायच्या, पण झाडाकडं पाठ करून. मी म्हटलं, "आवं आत्या, झाड हाय ते, मानूस न्हाई." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप स्वयंपाकघरात गेले.

चोविसाव्या दिवशी दुपारी पाण्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर आत्या बादलीवर बादली ओतत होत्या. मला राग आला. "आवं, काय करताय! तीन आठवडं पान्यात गेलं की! आता फुलं कुठली, कोयताच यील!"

"यीना का," त्या म्हणाल्या. बादली पालथी घालून तिच्यावरच बसल्या. "धनाजी दोन वर्साचा हुता तवा. उन्हाळ्यात मेंढरं घिऊन वाटंवर हुतो. हीर आटल्याली. कळशीत तांब्याभर पाणी ऱ्हायलं हुतं आनि पोरगं तापानं फनफनलेलं. एक मेंढी दोन दिसापूर्वी व्याल्याली. माजा पदर तोंडात धरून हुबी ऱ्हायली. मी पोराला पाजलं. ती वरडली न्हाई गं. नुसती बगत ऱ्हायली. सकाळी गेली, दुपारी तिचं कोकरू गेलं." मग झाडाकडं बघून म्हणाल्या, "मला पुन्ना न्हाई बगवत तसं. धनाजीला तोडायचं तर तोडू दे. पन तहानंलं नगं. पाणी पिऊन जाऊ दे."

मला रडू आलं. लपवलं नाही.

पाडवा आला आणि गेला. झाडाला नवा पाला फुटला, लुसलुशीत, हिरवा. फूल एकही नाही. पुढच्या रविवारी धनाजीनं कोयता काढला. शेडवाला दुपारी येणार होता. आत्या आत गोधडी शिवत बसल्या. हाक नाही, विनवणी नाही.

त्यानं पहिली फांदी धरली आणि माझं डोकं फिरलं. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि त्या मेंढीचं सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "ते तांब्याभर पाणी तू पिलास. आता तोड."

तो तसाच उभा. काट्यानं हाताला रक्त आलं होतं, त्याचंही भान नव्हतं. कोयता खाली ठेवून म्हणाला, "मला कुनी सांगितलंच न्हाई." शेडवाल्याला फोन करून येऊ नको म्हणाला. टेम्पो अजून रस्त्यावरच उभा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरची मोटर चालू झाली. बघते तर धनाजी पाइप घेऊन झाडाच्या बुंध्याशी उभा. आळं भरलं, चिखल झाला, पाणी वाहत गेटबाहेर गेलं, तरी हा हलेना. शेवटी आत्याच दारातनं ओरडल्या, "आरं बास की रं! मुळं कुजवतुस का तिची?"