वजन उचलणारी शालन

रिक्षा गॅरेजला टाकून स्वारगेटला बसची वाट बघत होतो, तेव्हा शेजारच्या सुमनचा फोन आला. "काका, लवकर या, काकू बोलंनात." धायरीत पोचेस्तोवर सगळं संपलं होतं. डोक्यातली नस फुटली, डॉक्टर म्हणाले. त्याला आता महिना होऊन गेला. मी सातवी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण तेराव्याला माझी मोठी मेहुणी चारचौघांत म्हणाली, "पायानं अधू बाई, तिनं वजनं कशाला उचलायची? त्यानंच गेली." ते मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या बायकोचे, शालनचे, दोन्ही पाय पोलिओनं लहानपणीच गेलेले. घरात हातांवर सरकायची. पंचेचाळिशीला आली तेव्हा अपंगांना वजन उचलायला शिकवणारे एक सर भेटले. बाकावर उताणं झोपायचं, पाय पट्ट्यानं बाकाला बांधायचे, वजनं लावलेला दांडा छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. मी म्हणालो, "ह्या वयात पैलवान व्हायचंय का?" तर म्हणाली, "अहो, तुम्ही रिक्षा ढकलता, मी काही बोलते का?" पहिल्याच वर्षी पदक आणलं. मग मीच तिला जिमला सोडायला लागलो. पट्टाही मीच बांधायचो. दुसऱ्यानं बांधला की तिला सैल वाटायचा.

पुढे तिला बीपी निघालं. सर म्हणाले, "मावशी, जड वजन ढकलताना बीपी एकदम चढतं. श्वास कोंडून धरायचा नाही. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाकावर यायचं नाही." डॉक्टरांनी गोळी दिली, दांड्यावरचं वजन कमी करायला लावलं, मग हो म्हणाले. बीपीचं मशीन जिममध्येच होतं. सराव झाला, चहा झाला, की शालन त्यात हात घालायची. आकडा दर वेळी झकास. "बघा, दांडाच माझं औषध," म्हणायची. मलाही बरं वाटायचं... घरी कधी मोजलंच नाही. एके दिवशी तिनं गोळी सोडूनच दिली. सरांना सांगितलं नाही, डॉक्टरांना नाही. मला सांगितलं, तेही हसत.

ती गेल्यावर मी डॉक्टरांना सरळ विचारलं, वजनानं गेली का? ते म्हणाले, "छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. पण व्यायामानंतर काही वेळ बीपी उतरलेलं असतं. तो आकडा धरून गोळी सोडायची नसते." म्हणजे आम्ही मोजत होतो ते उतरलेलंच. सकाळी उठल्यावर किती असायचं, देव जाणे... तिच्यासारख्या ज्या पोरी त्या बाकावर झोपतात, त्यांनी घरीही मोजा, सकाळी मोजा, आणि गोळी मनानं सोडू नका. वजन सोडा, असं मात्र मी म्हणणार नाही. दांडा वर गेला की तिचं तोंड जसं फुलायचं, तसं मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

परवा दोघी मेहुण्या तिच्या साड्या न्यायला आल्या. ब्लाउज घालून बघितले. अंगात बसले, पण बाह्या लोंबायला लागल्या. धाकटी म्हणाली, "दाजी, शिंप्याकडून आत घेते." मोठी सैल बाही चिमटीत धरून बसली, आणि मग रडायला लागली. मी म्हणालो, "साड्या न्या. बाह्यांना कात्री लावायची नाही."

ब्लाउज घडी घालून कपाटात ठेवलेत. तेवढा दंड दोघींतही कुणाचा नाही.