कडेने धावणारे डच काका

मैदानात उतरण्याआधी ते बुटाच्या टाचेने कडेची पांढरी रेघ दाबून बघायचे आणि म्हणायचे, "हा माझा पत्ता. पास इथेच पाठवायचा." बोलायचे इंग्रजीत, डच वळणाच्या, मी आपल्या मराठीत लिहिते आहे.

इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या रविवारच्या फुटबॉलची व्यवस्था माझ्याकडे असते. मैदानाचं बुकिंग, बर्फाच्या पिशव्या, कोण येणार, कोण ऐनवेळी बायकोचं नाव पुढे करून कॅन्सल करणार, सगळं मी बघते. खेळणारे पुण्या-नागपूरचे, चाळिशी ओलांडलेले आयटीवाले. आमच्या मागच्या गल्लीत राहणारे हे गृहस्थ एका रविवारी कुंपणापाशी उभे राहिले आणि पुढच्या रविवारी आत आले. तरुणपणी हॉलंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळलेले, उजव्या कडेचे विंगर. कारकिर्दीचा शेवट अमेरिकेत झाला आणि ते इथेच राहिले. सगळे त्यांना डच काका म्हणू लागले.

साठीतही ते आमच्या सगळ्यांपेक्षा वेगवान होते. माझा नवरा डिफेंडर. "काकांना अडवायचं म्हणजे गाडी गेल्यावर फाटक पाडायचं," तो म्हणायचा. काका त्याच्या पाठीवर थाप मारायचे. "तू छान माणूस आहेस. छान माणसं हळू धावतात."

काही माणसांचं सगळं त्यांच्या चालण्यातून कळतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. मला ते किराणा दुकानात कळलं. काकांची ट्रॉली रिकामी होती, पण दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी सरळ विचारलं, त्यांनीही सरळ सांगितलं. स्नायूंचा आजार. आधी पाय जाणार, मग बाकीचं. बहीण हॉलंडला बोलावत होती. "जाईन. पण धावता येतंय तोवर नाही. तुमच्या लोकांना सांगून ठेव, म्हणजे मला कुणी विचारत बसणार नाही."

मी सांगितलं. रविवारी मंडळींनी आपापसात ठरवलं, "काकांना कच्चं लिंबू ठेवू यार." लहान भावंडाला खेळात घेतात पण आउट धरत नाहीत, तसं. सगळं मायेपोटीच.

काका चेंडू घेऊन निघाले. नवरा बाजूला झाला, दुसरा मुद्दाम घसरला, गोलकीपरने उलट्या दिशेला उडी मारली. रिकाम्या गोलसमोर काका थांबले. चेंडूवर पाय ठेवून त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि चेंडू तिथेच सोडून ते माझ्याकडे चालत आले.

"घरी सोडतेस?"

गाडीत त्यांनी विचारलं, "लिंबू लिंबू काय चाललं होतं?" मी समजावून सांगितलं.

"शेवटच्या सीझनला," ते म्हणाले, "चेंडू घेऊन पळत होतो आणि पाठीमागे कुणाचा तरी श्वास ऐकू आला. त्याआधी कधी डिफेंडरचा श्वास ऐकला नव्हता मी. त्याने चेंडू काढून घेतला. घरी जाऊन बायकोला सांगितलं, संपलं. वाईट दिवस होता, पण खरा होता. नवऱ्याला सांग, माझ्याकडून चेंडू काढून घे."

नवरा तयार होईना. "अगं, आजारी माणूस. पडले-बिडले तर?"

"पडले तर बर्फ आहे माझ्याकडे. उगीच लाड करू नकोस त्यांचे."

पुढच्या रविवारी काका कडेने निघाले. ते धावणं आता घाईघाईचं चालणंच उरलं होतं. नवरा समोर आला, पाय घातला आणि चेंडू घेऊन गेला. काका गवतावर पडले. कुणी जागचं हललं नाही. पडल्या पडल्या त्यांनी हात वर केला, तेव्हा नवऱ्याने धावत येऊन त्यांना उभं केलं. काकांनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

"आता जातो हॉलंडला," ते म्हणाले.

बहीण येऊन घेऊन गेली. पुढच्या स्प्रिंगमध्ये तिचा मेसेज आला, काका गेल्याचा. नवरा गराजमध्ये फुटबॉलचे बूट घासत बसला होता. मी मेसेज वाचून दाखवला. तो बूट घासतच राहिला.

मग मान वर न करता म्हणाला, "मी जरा जोरात पाय घातला का गं?"

"नाही. घालायला हवा होता तेवढाच."

त्याने मान हलवली आणि स्वच्छ झालेला बूट उलटा करून पुन्हा घासायला घेतला.