साळवेकाकांचा पेला

साळवेकाका गेले.

कृपा करून कुणी 'शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं' असं लिहू नका. ते शांत नव्हते. पक्के भांडखोर होते, आणि म्हणूनच माझे आईवडील जगले.

जुन्या मित्रांना थोडं ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगते.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या जिंतूर तालुक्यात टीबीच्या नव्या औषधांचा एक रिसर्च प्रोजेक्ट आला होता. जुनी ट्रीटमेंट दीड-दीड वर्ष चालायची, इंजेक्शनं टोचून घ्यावी लागायची. ही नवी सहा महिन्यांची. ती आपल्याकडच्या माणसांना लागू पडते का, ते बघायचं होतं.

साळवेकाका त्या प्रोजेक्टचे फील्डवर्कर. सायकल, खाकी पिशवी, थुंकीच्या डब्या.

माझ्या आईला टीबी होता. तिचं नाव त्यांनीच यादीत घातलं.

नियम असा होता की पेशंट सहा महिने गावात राहणारा पाहिजे. आणि आम्ही तर दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे. काकांना हे माहीत होतं. तरी घातलं.

त्या वर्षी आमची टोळी गंगाखेडकडं गेली. काकांनी आईला पंधरा-पंधरा दिवसांच्या पुड्या बांधून दिल्या. दर पंधरवड्याला एसटीनं यायचे, रिकाम्या पुड्या मोजायचे, नव्या द्यायचे. हिशोब चोख.

दोन महिन्यांनी थुंकी तपासली. जंतू तसेच.

शहरातले मोठे डॉक्टर म्हणाले, बाई खोटं बोलते, गोळ्या फेकून देते, हिला काढा.

काका आमच्या कोपीसमोर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीसमोर, येऊन बसले. ओरडले नाहीत. आईला एवढंच विचारलं की गोळ्या नेमक्या कशा घेतेस.

आईनं सरळ सांगितलं, "निम्म्या ह्यांना देते. ह्यांनाबी खोकला हाय. कोयता एकच हाय ना आमचा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. काम निम्मं, भाकर निम्मी, तर औषध कसं काय एकट्यानं खायचं? आईच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता. प्रेम वगैरे नाही हो. ती रीत होती.

काका म्हणाले, "निम्म्या औषधानं रोग मरत न्हाई, माय. उलट लय शहाणा होतो."

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थुंकी तपासली. त्यांनाही टीबी.

डॉक्टर जीप घेऊन फडावर आले. म्हणाले, दोघांनाही काढा, यांच्यामुळं आपले रिझल्ट बिघडतील.

अख्ख्या टोळीसमोर काका बोलले, "साहेब, ऊसतोडीवाले गाव सोडतेत म्हणून काढायचे, मग हा अभ्यास काय घरी बसून खोकणारांसाठी चालवलाय का?"

डॉक्टर लालेलाल. म्हणाले, इतकं असेल तर तूच ये, तुझ्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळव.

काका म्हणाले, येतो.

आणि आले. गोळ्या आता आठवड्यातून दोनदाच घ्यायच्या, सोमवारी आणि गुरुवारी. जिंतूरहून परभणी, परभणीहून गंगाखेड, पुढं पायी. दोघांचा कोर्स पहिल्यापासून सुरू.

आता जे लिहिते, ते लिहायला मला लाज वाटते. तरी लिहिणार.

पहिल्या दिवशी काकांनी पिशवीतून स्टीलचा पेला काढला, स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि गोळ्यांशेजारी ठेवला. आईनं हात पुढं केला. अण्णांनी तिच्याकडं नुसतं बघितलं.

तिनं हात मागं घेतला आणि कोपीतल्या घागरीतून पाणी आणलं.

नामांतराच्या दंगलीत काकांचं घर जाळलं होतं. जाळणारे आमच्यासारखेच होते. हे अण्णांना माहीत होतं. काकांनाही आम्ही कोण ते माहीत होतं.

काका म्हणाले, "पाणी कुणाचं प्यायचं ते तुमी ठरवा. गोळी मात्र माझ्यासमोर."

पुढच्या खेपेला पुन्हा पेला भरून ठेवला. त्याच्या पुढच्या खेपेलाही. सहा महिने, दर खेपेला, हंगाम संपून आम्ही गावी परतल्यावरही. आम्ही पीत नव्हतो आणि ते ठेवायचं सोडत नव्हते.

दोघंही खडखडीत बरे झाले. आई मागच्या वर्षी गेली, ती म्हातारपणानं. खोकल्यानं नाही.

पुढं एचआयव्ही आला. टीबीच्या पेशंटमध्ये तो सापडायला लागला, तेव्हा पुन्हा तीच भाषा. हे असेही मरणार, औषध कशाला वाया घालवायचं. काका पुन्हा भांडले. त्यांच्याकडं बघूनच मी या कामात आले. आज एचआयव्ही-टीबीच्या पेशंटची काउन्सेलर आहे आणि रोज कुणाशी तरी भांडते.

आज सकाळी अण्णांना घेऊन काकांच्या घरी गेले. आमच्या गावचे चार जण आले होते. ते बाहेरच उभे राहिले, चहाला नको म्हणाले. हो, आजसुद्धा.

अण्णा काठी टेकत आत गेले, खाली बसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं काकूंना म्हणाले, "वहिनी, पाणी द्या."

काकू आत गेल्या. एक जुना, पोचे पडलेला स्टीलचा पेला भरून आणला.

म्हणाल्या, "ह्योच न्यायचे तुमच्याकडं. पिऊन रिकामा कुणी केला न्हाई कधी. भरलेला ओतून यायचे."

अण्णांनी सगळं पाणी संपवलं. मग रडले.

काका, अण्णा प्यायले. तीस वर्षांहून जास्त उशीर झाला.

माफ करू नका. तुम्ही केलंही नसतं.

उद्या कामावर जाते. ऊसतोडीला गेलेल्या एका पेशंटचं नाव यादीतून काढायचं म्हणतायत. काढू देणार नाही.

शेवटचा निळा सलाम, काका.