घडीवरच्या चार ओळी

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आता सांगतो. दादाच्या पत्रातल्या चार ओळी मी आईला वाचून दाखवल्या नाहीत. पापनिवेदनाला फादरांपुढे गुडघे टेकून मी दारू, शिव्या, चर्चमधल्या रविवारच्या चुकवलेल्या मिस्सा सगळं कबूल केलं. एवढं मात्र दरवेळी गिळलं.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत, पांडेसराला राहायचो. मूळचे नगरकडचे कॅथलिक. वडील गेलेले. मी कापड रंगवायच्या मिलमध्ये, आणि थोरला भाऊ पुण्याला सेमिनरीत फादर व्हायला शिकत होता. त्याचं आंतरदेशीय पत्र आलं की शेजारची गुजराती काकी गल्लीतूनच ओरडायची, "मासी, तमारा फादरनो कागळ!" फादर व्हायला अजून वर्षं होती, पण गल्लीनं त्याला कधीच करून टाकलं होतं.

आईला वाचता येत नव्हतं. पत्र रविवारी मिस्सेनंतर उघडायचं आणि मी मोठ्यानं वाचायचं. आमच्या नगरकडची दोन-चार घरं चहा घेत ऐकायची. पण पत्राच्या चिकटवायच्या घडीवर जे लिहिलेलं असेल ते एकट्या आईचं. सगळे गेल्यावर मी ते तिच्या कानाशी हळू वाचायचो. दादालाही हे ठाऊक होतं.

"आधी हात धू," आई म्हणायची.

"धुतलेत. रंग आहे तो, निघत नाही."

"मग कडंला धर."

चहाला बसलेली माझी मावशी हसायची. "अगं, त्याच हातांवर तुझी चूल पेटती."

"पेटती तर पेटू दे. पत्र मळंल ना."

वाचून झालं की आई पत्र कपाळाला लावायची आणि पवित्र मारियेच्या तसबिरीमागे ठेवायची. मी रोज घरी येणारा, माझी वाट कोण बघणार? हसाल, पण मला त्या कागदाचा हेवा वाटायचा.

त्या रविवारी पत्र उघडताना घडीवर माझी नजर गेली. 'आई, इथं माझं मन लागत नाही. घरी येऊ का? धाकट्याबरोबर मिलमध्ये लागेन. तू ये म्हणालीस तरच येईन.'

वरचं पत्र मी नेहमीसारखं वाचलं. परीक्षा, बाग, नवे फादर. वाचताना डोळ्यांपुढे मात्र दादा माझ्याच खात्यात उभा दिसत होता. महिनाभरात सुपरवायझर म्हणणार, भावाकडून शिक काहीतरी. आणि घरी आई त्याला गरम भाकरी वाढणार. माझ्याजवळ दादाकडे नसलेली एकच गोष्ट होती, आई. तीही अर्धीच.

पाहुणे उठले, आई त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. तेवढ्यात मी घडी फाडून खिशात घातली.

"घडीवर काय लिव्हलंय?" तिनं येऊन विचारलं.

"कोरी होती. उघडताना फाटली."

"कोरी? असं करत न्हाई तो कधी."

"अभ्यास असेल."

तिनं पत्र कपाळाला लावून तसबिरीमागे ठेवलं. मग म्हणाली, "लिव्ह त्याला. तू सुखात हाईस हे ऐकून पोट भरलं." मी तिचा शब्दन्‌शब्द उतरवला. त्या उत्तरात माझं खोटं एक अक्षर नव्हतं.

दादाच्या पुढच्या पत्राची घडी खरोखरच कोरी आली. त्यानंतरची सगळीच. आई दरवेळी विचारायची आणि मी दरवेळी खरं सांगायचो.

गुरुदीक्षा मिळून दादा फादर झाला तेव्हा रिवाजाप्रमाणे आम्ही त्याच्या पवित्र तेल लावलेल्या तळहातांचं चुंबन घेतलं. आई रडली, आनंदानं. माझी पाळी आली तेव्हा त्यानं माझ्या निळ्या नखांवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आईला तू सांभाळलंस." तेव्हाही मला हेवाच वाटला. आई तिकडे त्याच्याकडेच बघत होती.

आई गेली, त्या रविवारची घडी कोरी नव्हती हे न कळता. दादा आता लोकांची पापनिवेदनं ऐकतो. मी दुसऱ्या फादरांच्या रांगेत उभा राहतो. तो सुखी आहे की नाही, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. तो दादाच्या हातात देणं, आणि आईनं त्याला 'नको येऊ' असं कधीच म्हटलं नव्हतं हे तोंडानं सांगणं, एवढं माझ्याकडून बाकी आहे.